नाक्यावरचे दोन प्रश्न

मालमोटार ही वस्तू आता इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्या अंगावर काय काय लिहिलेले असते याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाठीमागच्या फळीवर रंगविलेली फुले, एखादा शेर, खाली टांगलेले लिंबू आणि मिरच्या यांच्या गर्दीत तीन पाट्या मात्र अशा असतात की, त्यांच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. पहिली पाटी नोंदणी क्रमांकाची. वाहन भोपाळचे असेल तर तिच्यावर ‘एमपी ०४’ ही अक्षरे असतात. दुसरी पाटी ‘नॅशनल परमिट’ची. वाहनाला परराज्यात जाण्याची मुभा आहे, असे ती सांगते. तिसरी पाटी सर्वच वाहनांवर नसते. ज्वालाग्राही किंवा विषारी पदार्थ वाहून नेणाऱ्या गाडीवर ती असते आणि आत काय भरले आहे, हे ती बाहेरच्या माणसाला सांगते.

परमुलखातील गाडी आपल्या हद्दीत शिरू लागली म्हणजे तिला दोन प्रश्न विचारता येतात. तू कोणाची आणि कर कोठे भरलास, हा एक. तुझे ब्रेक धड आहेत काय, तुझ्या पोटात काय आहे आणि अपघात झाल्यास नुकसानभरपाई कोण देणार, हा दुसरा. यांपैकी पहिला प्रश्न भारतातील प्रत्येक सीमेवर नित्यनेमाने विचारला गेला. दुसरा प्रश्न कायद्यात लिहिलेला होता. पण नाक्यावर तो क्वचितच उच्चारला गेला. या दोन प्रश्नांचा इतिहास भोपाळ शहराच्या संदर्भात पाहिला, तर या उपेक्षेचे मोल किती मोठे असू शकते ते ध्यानात येते.

स्वातंत्र्यापूर्वी भोपाळ ही एका संस्थानाची राजधानी होती. दक्षिणेस नर्मदा ओलांडली की होशंगाबादचा ब्रिटिश मुलूख लागे. इतर बाजूंना शिंदे, होळकर, पवार यांची आणि इतर लहानमोठ्या संस्थानिकांची गावे एकमेकांत गुंतलेली होती. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ताही ब्रिटिश खानदेश सोडला की होळकर, पवार आणि शिंदे यांच्या हद्दींतूनच पुढे जाई. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन या प्रदेशातून फिरत, तेव्हापासून हद्द म्हणजे जकात असेच समीकरण होते. संस्थानी राज्यांत या उत्पन्नाला ‘सायर’ म्हणत. मालाची मोजदाद होई आणि रक्कम वसूल होई. बैलाच्या पायाला इजा आहे काय, याची चौकशी करण्याचे नाकेदाराला कारण नव्हते. कारण बैल दमला तर तो थांबे, आणि गाडी मोडली तर नुकसान बहुधा मालधन्याचे होई.

मोटार आली आणि ही स्थिती पालटली. यंत्राचा वेग आणि भार यांमुळे एका गाडीचा दोष रस्त्यावरच्या इतरांच्या जिवावर येऊ लागला. १९१४ साली मोटार वाहनांचा अखिल भारतीय कायदा झाला. नोंदणी आणि चालकाचा परवाना या गोष्टी त्याने आणल्या. परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता आणि संस्थानांची व्यवस्था त्यांच्या त्यांच्या हाती होती. पुढे रस्त्यांचा प्रश्न बिकट झाला, तेव्हा १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रस्ते ही केवळ स्थानिक बाब राहिलेली नाही, त्यांचा भार देशाने उचलला पाहिजे, हा तिच्या अहवालाचा आशय होता. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. रस्ता जोडणारा असतो आणि हद्द तोडणारी असते, हा विरोध त्या काळीच स्पष्ट झाला होता.

यानंतर आला १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्याच्या जन्माच्या मुळाशी दोन चिंता होत्या. मंदीच्या वर्षांत मोटारींनी रेल्वेचे उत्पन्न पळविले, अशी सरकारची तक्रार होती आणि मिचेल व कर्कनेस या अधिकाऱ्यांनी १९३२ च्या सुमारास तिची चौकशीही केली होती. दुसरी चिंता सुरक्षिततेची होती. कायद्याने दोहोंची तरतूद केली. मालमोटारीस प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा परवाना लागू लागला. एका प्रदेशाचा परवाना दुसऱ्या प्रदेशात चालवायचा, तर तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागे. त्याचबरोबर वाहनाच्या योग्यतेचा दाखला, वजनाची मर्यादा आणि चालकाच्या कामाचे तास यांचेही नियम झाले. अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइतासाठी विमा उतरविणे सक्तीचे करण्याचे कलमही त्यात होते. मात्र महायुद्धामुळे ते लांबत जाऊन १९४६ साली अमलात आले. कागदावर पाहिले तर दोन्ही प्रश्नांना या कायद्यात सारखेच स्थान होते. प्रत्यक्षात पहिल्यातून तिजोरीत पैसा येई आणि दुसऱ्यासाठी तिजोरीतून पैसा जाई. त्यामुळे पहिला वाढत गेला आणि दुसरा मागे पडला.

संस्थाने विलीन झाली, तरी सीमा लगेच विरल्या नाहीत. भोपाळ संस्थानाचा कारभार १ जून १९४९ रोजी केंद्राने हाती घेतला आणि नंतर ते ‘क’ वर्गाचे राज्य झाले. शेजारचा मध्य भारत ‘ब’ वर्गात होता. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने सबंध देशात व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल, अशी ग्वाही दिली. परंतु ३०६ व्या कलमाने ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून मालाच्या ये-जा करण्यावरील जुने कर काही काळ चालू ठेवण्याची मुभाही दिली. १९५६ मध्ये हे कलम रद्द झाले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य जन्मास आले. भोपाळ, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि महाकोशल एका छत्राखाली आले व भोपाळ ही राजधानी ठरली.

सीमा ही निसर्गाने घातलेली रेघ नसून राज्यकारभाराची सोय असते, हे त्या एका रात्रीत दिसून आले. भोपाळच्या मालमोटारीस इंदूर, ग्वाल्हेर, रीवा आणि जबलपूर ही आदल्या दिवसापर्यंत परराज्यातील गावे होती. ती सकाळी स्वराज्यातील झाली. उलट विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेल्याने नागपूरच्या वाहतूकदारास जबलपूर, रायपूर ही त्याची वर्षानुवर्षांची गावे परकी झाली. रस्ता तोच, गाडी तीच, चालकही तोच. ब्रेक आदल्या दिवशी होते तसेच दुसऱ्या दिवशी होते. पण कागद मात्र बदलले. गाडीच्या सुरक्षिततेशी या बदलाचा काडीचाही संबंध नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे परवान्याच्या त्या पद्धतीचे खरे स्वरूप उमगते.

१९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये निर्माण झाल्यावर मध्य प्रदेशाच्या सीमा सात राज्यांना भिडल्या. देशाच्या मध्यभागी असलेल्या या राज्यातून उत्तरेचा माल दक्षिणेस आणि पूर्वेचा पश्चिमेस जाणार, हे ओघानेच आले. मार्गातील प्रत्येक राज्य आपापला वाहनकर मागू लागले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजस्थानातून जाणाऱ्या वाहनांवरील कराच्या प्रकरणात न्यायालयाने १९६२ साली असा निर्णय दिला की, रस्ते आणि सोयी यांच्या मोबदल्यादाखल घेतलेला कर हा व्यापाराच्या स्वातंत्र्यातील अडथळा नव्हे. ही उपपत्ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ती नोव्हेंबर २०१६ मध्ये बाजूस सारली आणि करात परराज्याच्या मालाशी भेदभाव होतो की नाही, या कसोटीवर भर दिला.

या गुंतागुंतीतून वाट काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५६ च्या दुरुस्तीने आंतरराज्य परिवहन आयोगाची तरतूद केली. मिनू मसानी यांच्या समितीने १९५९ मध्ये परिवहन व्यवस्थेच्या पुनर्रचनेचा विचार मांडला. पुढे रस्ते वाहतुकीवरील करांच्या चौकशीसाठी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली आणि तिचा अहवाल १९६७ मध्ये आला. आकाशवाणीच्या श्रोत्यांना केसकरांचे नाव नभोवाणीमंत्री म्हणून आणि चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून दूर सारणारे गृहस्थ म्हणून ठाऊक होते. त्यांनी नाक्यानाक्यावरील करांचाही हिशेब घातला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली. सुरुवातीस अशा परवान्यांची संख्या मर्यादित होती. १९८८ च्या नव्या कायद्यात स्वतःचे राज्य धरून किमान चार सलग राज्यांसाठी हा परवाना घेता येईल, अशी तरतूद झाली. २०१० मध्ये वर्षाकाठी पंधरा हजार रुपयांचे एकत्रित शुल्क भरून सबंध देशात फिरण्याची सोय झाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास असा एका शतकाचा अवधी लागला.

दोन स्वतंत्र राष्ट्रांच्या सीमेवर काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार १९९४ पासून अमलात आला. त्याप्रमाणे मेक्सिकोच्या मालमोटारींना प्रथम अमेरिकेची सीमावर्ती राज्ये आणि मग सारा देश मोकळा व्हावयाचा होता. अमेरिकेने सुरक्षिततेचे कारण देऊन १९९५ मध्ये ही अंमलबजावणी थांबविली. तेथील चालकांच्या संघटनेचा विरोध होता आणि त्यात रोजगाराची चिंताही मिसळलेली होती. करारानुसार नेमलेल्या लवादाने २००१ मध्ये सरसकट मनाई चुकीची ठरविली. पुढे २००७ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली. २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिचा पैसा बंद करताच मेक्सिकोने अमेरिकी मालावर जादा जकात बसविली. २०११ ते २०१४ या काळात ती योजना पुन्हा नव्याने राबविण्यात आली. मेक्सिकोच्या कंपनीने अमेरिकी खात्यात नोंदणी करावी, विमा दाखवावा, वाहनांची तपासणी आणि कंपनीच्या दप्तराची सुरक्षा-छाननी होऊ द्यावी, चालकाने परवाना आणि कामाच्या तासांची नोंद जवळ बाळगावी, अशा अटी होत्या. या कथेतून दोन बोध निघतात. सुरक्षितता हे परक्याला बाहेर ठेवण्याचे निमित्तही होऊ शकते. परंतु ते निमित्त होऊ नये यासाठी उपाय प्रश्न टाळणे हा नसून, प्रत्येक कंपनीला तो निश्चित नियमांनी आणि सारखाच विचारणे हा आहे.

भारतही आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या करारांत सामील झाला आहे. रस्ते वाहतुकीविषयीचा १९४९ चा जिनिव्हा करार भारताने १९६२ मध्ये स्वीकारला. परदेशी वाहनाचे ब्रेक आणि दिवे कसे असावेत, याच्या अटी त्यात आहेत. २०१७ मध्ये भारताने ‘टीआयआर’ नावाच्या करारात प्रवेश केला. त्यात मोहोरबंद मालगाडी वाटेत न उघडता अनेक देश ओलांडू शकते. मात्र त्या करारात गाडीची जी तपासणी होते, ती मोहोर न तोडता माल काढता येऊ नये यासाठी असते. म्हणजे तेथेही काळजी मुख्यतः जकातीची आहे.

आता भोपाळच्या मूळ गोष्टीकडे वळावे. ज्या शहराच्या वेशीवर शतकभर मालाची मोजदाद झाली, त्याच शहरात एका परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेने १९६९ मध्ये कीटकनाशकांचा कारखाना उभारला. युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. कारखान्यास लागणारा मिथिल आयसोसायनेट हा अत्यंत विषारी द्रव प्रारंभीच्या वर्षांत अमेरिकेहून पिंपांत भरून आणला जाई. १९८० पासून तो भोपाळमध्येच तयार होऊ लागला. नोंदणी, परवाने, जकात या सर्व बाबतींत सरकारी दप्तराने या कारखान्यास पहिला प्रश्न पुरेपूर विचारला होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतून सुमारे चाळीस टन विषारी वायू निसटला आणि हजारो माणसे मेली. त्या रात्री घरे सोडून धावणाऱ्या लोकांना, किंबहुना त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही, हा वायू कोणता आणि त्यावर उतारा कोणता, हे कोणी सांगितलेले नव्हते. दुसरा प्रश्न वेळेवर विचारला न गेल्याचा हा परिणाम होता.

त्या आपत्तीनंतर देशाचे कायदे बदलले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी नवे प्रकरण आले. १९९१ मध्ये धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांवर विम्याची सक्ती झाली. रस्त्यावरही बदल झाला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाच्या वाहतुकीचे स्वतंत्र नियम आले. अशा गाडीवर त्या पदार्थाच्या वर्गाचे चिन्ह हवे. डाव्या, उजव्या आणि मागच्या अशा तीन बाजूंना संकटकाळी उपयोगी पडेल अशी माहिती देणारा फलक हवा. त्यावर पदार्थाचे नाव आणि कोणाला दूरध्वनी करावा हे लिहिलेले हवे. माल पाठविणाऱ्याने त्याची पूर्ण माहिती गाडीमालकास द्यावी, ती लेखी स्वरूपात चालकाजवळ असावी, आणि चालकाने विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे. सुरुवातीस उल्लेखिलेली तिसरी पाटी ती हीच. आत काय आहे ते बाहेर लिहिलेले असावे, एवढाच तिचा अर्थ. पण १९८४ च्या त्या रात्री भोपाळच्या लोकांना नेमकी हीच गोष्ट नाकारली गेली होती.

कारखाना बंद पडला, तरी त्याच्या आवारातील विषारी कचरा तेथेच राहिला. तो जाळून टाकण्यासाठी कोठे न्यावा, या प्रश्नावर अनेक वर्षे गेली. गुजरातमधील अंकलेश्वरचा विचार झाला; त्या राज्याने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव पुढे आले, तेव्हा विदर्भातून आणि महाराष्ट्र शासनाकडून विरोध झाला. २०१२ मध्ये तो जर्मनीस पाठविण्याची बोलणीही फिसकटली. ज्या राज्यसीमांवर आजवर केवळ कर विचारला जाई, त्यांनी या वेळी मात्र गाडीत काय आहे आणि ते आमच्याकडे का, असे विचारले. कोणी त्यास स्वार्थ म्हणेल. परंतु भोपाळचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना शेजाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा, यात नवल नव्हते.

अखेर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कठोर आदेश दिल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंदिस्त कंटेनर भोपाळहून निघाले. त्यांत सुमारे ३३७ टन कचरा होता. धार जिल्ह्यातील पीथमपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर रस्ता मोकळा करून, पोलिसांच्या पहाऱ्यात आणि रुग्णवाहिका बरोबर घेऊन कापण्यात आले. हा प्रवास एकाच राज्याच्या हद्दीतला होता; वाटेत कोठेही राज्याची सीमा नव्हती. तरीही पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले आणि निदर्शने झाली. चाचण्यांनंतर ते सर्व जाळण्याचे काम जून २०२५ च्या अखेरीस संपले. एका मालमोटारीची जितकी काळजी घेता येईल तितकी त्या रात्री घेतली गेली. ती चाळीस वर्षांनंतर घेतली गेली, ही त्यातील खेदाची बाब.

दरम्यान नाके उठत चालले आहेत. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आल्यावर राज्यांचे विक्रीकर नाके गेले. मध्य प्रदेशाने जुलै २०२४ पासून आपले परिवहन नाकेही बंद केले. मुंबई-आग्रा मार्गावर महाराष्ट्रातून शिरताना लागणारा सेंधव्याचा नाका त्यांतलाच. वाहतूकदारांना याचा आनंद झाला आणि तो रास्त होता. गाड्यांच्या रांगा आणि बेकायदा वसुलीच्या तक्रारी यांनी ते गांजलेले होते. पण नाका उठला म्हणजे पहिला प्रश्न संपला. दुसरा संपत नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील १३,४२७ मृत्यू मध्य प्रदेशात झाले. यात सारा दोष मालमोटारींचा नाही; परंतु झिजलेले टायर, अतिभार आणि दिवसरात्र न झोपलेला चालक यांचा वाटा कोणी नाकारू शकणार नाही.

पूर्वी नाक्यावर उभा असलेला अधिकारी निदान गाडी थांबवीत असे. आता कर दूरवरून भरला जातो, टोल चालत्या गाडीतून कापला जातो आणि परवान्याची नोंद यंत्रात असते. ही सोय मोठी आहे. तिच्यामुळे वाचलेला वेळ आणि मनुष्यबळ जर योग्यतेच्या दाखल्याची खरी तपासणी करण्याकडे, चालकांच्या विश्रांतीकडे आणि त्या तिसऱ्या पाटीवरील मजकूर खरा आहे की नाही हे पाहण्याकडे लागले, तर शंभर वर्षे अनुत्तरित राहिलेल्या दुसऱ्या प्रश्नास न्याय मिळेल. तसे झाले नाही, तर नाके गेले आणि त्यांच्याबरोबर गाडी थांबविणारेही गेले, एवढेच होईल. परराज्याची असो वा परदेशाची, गाडी ज्या गावातून जाते त्या गावाला तिच्या पोटात काय आहे हे जाणण्याचा हक्क आहे. आणि हा हक्क किती मोलाचा आहे, हे भोपाळहून अधिक चांगले कोणते शहर जाणणार?